पंच, खरं का?

एखादी गोष्ट डोक्यावरून गेली की नेव्हिल शॅकलॉक चष्मा काढतो आणि शर्टाच्या टोकाला पुसतो. त्या शनिवारी त्याने तो इतक्या वेळा पुसला की दुपारनंतर शर्टाचं ते टोक त्याने पँटमध्ये खोचायचंच सोडून दिलं.

मी ग्लेनिस ट्रसवेल. बुलवेलमध्ये चॅपलच्या मागे जो हॉल आहे तिथे दर गुरुवारी आमचा क्लब भरतो, आणि मी तिथली पंच. खरं तर मी आले होते चहा करायला. माझा नवरा केन तिथे शिशाच्या चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळायचा. मोठमोठाली, टक्कल पडलेली माणसं अर्ध्या इंचावरून पोरासोरांसारखी भांडायची. माझी तोफ पोचते, नाही पोचत, तुझी टेप ताणलेली आहे, असलं सगळं. एकदा माझं डोकं फिरलं. मी किटली टेबलावर आपटली, टेप हिसकावून घेतली आणि म्हणाले, "साडेसहा इंच. आता जो बोलेल त्याला चहा नाही." सगळ्यांनी कप पुढे केले. तेव्हापासून पंच मी. केनला जाऊन नऊ वर्षं झाली. माझं स्वतःचं सैन्य नाही, त्यामुळे मी कुणाची बाजू घेते असं कुणाला म्हणता येत नाही.

नेव्हिल क्लबात आला तेव्हा लेसच्या कारखान्यात मशिनांची दुरुस्ती करायचा. कारखाना बंद पडला, मग बसच्या डेपोत गेला, तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिला, आई गेल्यावर त्याच घरात एकटा. बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. पण त्याचं सैन्य बघावं. ऑस्ट्रियाचं सैन्य, पांढऱ्या कोटांचं. पांढरा रंग फार वाईट, एका हातात बसत नाही, गोळे होतात. नेव्हिल आधी राखाडी देतो आणि त्यावर पाण्यासारख्या पातळ पांढऱ्याचे पाच हात. असे सहाशे सैनिक आहेत त्याच्याकडे, बोटाच्या पेराएवढे, आणि प्रत्येकाच्या कोटाला बटणं आहेत.

डेस्मंड विडोसन म्हणजे याच्या अगदी उलट. आयुष्यभर बस चालवली आणि तितकंच तोंड चालवलं. त्याचं सैन्य फ्रेंचांचं, रंग एकदम ढिसाळ. निम्म्या सैनिकांना डोळे नाहीत. "लांबून लढतात रे, डोळे कशाला लागतात?" असं वर म्हणणार.

हे दोघं एकतीस वर्षं दर गुरुवारी हीटरजवळच्या टेबलावर एकमेकांविरुद्ध लढले. आणि लढले म्हणजे फसवलं. "नेव्ह, राजा, उजवीकडे येऊ नकोस रे, तिथे माझं काहीच नाही, पाया पडतो," असं डेस म्हणाला की नेव्हिलने ओळखावं, उजवीकडे तोफा लपवल्यात. नेव्हिल अख्ख्या संध्याकाळी एकच वाक्य बोलायचा. "आज पुलाकडे जावं म्हणतो." डेसने ओळखावं, हा पुलाच्या आसपासही फिरकणार नाही. एकतीस वर्षांत त्या टेबलावर कुणी एक खरं वाक्य बोललं असेल तर मला माहीत नाही. आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं.

मग जानेवारीत डेसने बायकोचा, लॉरेनचा विषय काढला आणि म्हणाला, "आम्ही स्केगनेसला चाललोय राहायला. लॉरेनला छातीचा फार त्रास होतो. डॉक्टर म्हणतात समुद्राची हवा बरी. तिची बहीण आहेच तिथे. बंगली बघितलीय, छोटीशी. एप्रिलमध्ये जाऊ."

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिल म्हणाला, "समुद्र छान असतो." आणि स्वयंपाकघरात आला. मी कप धूत होते. त्याने फडकं घेतलं आणि एकच कप तीनदा पुसला.

"ग्लेनिस, स्केगनेस किती लांब गं?"

लहानपणापासून, आई होती तोवर, दर उन्हाळ्यात हा माणूस तिच्याबरोबर स्केगनेसला जायचा. मी म्हणाले, "तुला माहीत आहे ना, गाडीने दोन-सव्वादोन तास."

"हो," तो म्हणाला. "तरी."

मला राग आला. तो कप त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मला काय विचारतोस? त्याला सांग. जाऊ नकोस म्हण. निदान वाईट वाटतंय एवढं तरी म्हण."

"लॉरेनच्या छातीचा त्रास आहे ना." त्याने चष्मा पुसला. "असं कसं म्हणणार? आणि म्हटलं तरी त्याला वाटेल मी काहीतरी डाव टाकतोय."

हे मात्र मला कबूल करावं लागलं.

त्यानंतर डेसनेच टूम काढली की जाण्याआधी जिल्ह्याच्या जोडी सामन्यात उतरायचं. दोघांनी मिळून, एका बाजूने. नेव्हिल चक्रावला. "एका बाजूने म्हणजे कुणाच्या विरुद्ध?" "दुसऱ्यांच्या, बावळटा!" नेव्हिल विचारात पडला. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स एका बाजूला कसे, हा पुढचा घोळ. मग आमच्यातल्या एका पुस्तकी किड्याने जाडजूड ग्रंथ आणून दाखवला की १८१२ साली ऑस्ट्रियाचं सैन्य नेपोलियनच्या बाजूने निघालं होतं. "मनापासून नव्हे," तो म्हणाला. नेव्हिलला एवढंच हवं होतं.

आता या सामन्याचा नियम सांगायला हवा, कारण सगळा गोंधळ त्यातच आहे. जोडीदार टेबलाच्या दोन टोकांना उभे राहतात. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून पंचाकडे द्यायची. पंच ती पुढच्या फेरीत पोचवतो, कारण खऱ्या लढाईत निरोप्याला घोडा दामटायला वेळ लागतोच. शिवाय पंच फासा टाकतो. एक पडला तर निरोप्या पकडला गेला, चिठ्ठी शत्रूच्या हातात. त्यामुळे हुशार मंडळी मुद्दाम खोट्या चिठ्ठ्याही लिहितात, शत्रूला सापडाव्यात म्हणून. चिठ्ठी देताना ती खरी आहे की आमिष, हे लिहिणारा फक्त पंचाला सांगतो. आणि ज्याला चिठ्ठी मिळते त्याला एका डावात एकदाच विचारता येतं, "पंच, खरं का?" पंचाने एका शब्दात उत्तर द्यायचं. त्यापुढे एक अक्षर नाही.

सामना शनिवारी, आमच्याच हॉलमध्ये होता, आणि हीटरजवळच्या टेबलाची पंच मीच.

पहिल्या डावाला सैन्य मांडून झालं तेव्हा मी बघते तर नेव्हिलच्या तोफांची तोंडं डेसकडे. सगळ्या आठ तोफांची. शत्रू समोर, आणि या तोफा आपल्याच दोस्ताच्या घोडदळावर रोखलेल्या. नेव्हिल टेप घेऊन तिथवरचं अंतरही मोजत होता. मी खाकरले. त्याने तोफांकडे पाहिलं, डेसकडे पाहिलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक एक तोफ उचलून त्याने फिरवली. डेस टेबलाच्या त्या टोकाला तोंडावर हात दाबून हसत होता, खांदे नुसते गदागदा हलत होते.

पुढे मात्र हसू आटलं. डेसने चिठ्ठी पाठवली, "टेकडीवर येऊ नकोस, मी धरलीय." नेव्हिलने ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. डेस टेकडीवर येऊ नको म्हणतोय, म्हणजे टेकडीवर काहीतरी आहे. एवढी खात्री की मला विचारलंही नाही. निघाले पांढरे कोट टेकडीकडे. तिथे डेसचं पायदळ आधीच खच्चून भरलेलं. दोघांची सैन्यं एकमेकांत अशी अडकली की शत्रूने आरामात येऊन दोघांनाही कुटलं. दुसऱ्या डावात नेव्हिलने लिहिलं, "पुलावर हल्ला करतोय, घोडदळ पाठव." डेस स्वतःशीच हसला. पुलावर म्हणतोय म्हणजे जातोय दुसरीकडे! घोडदळ जागचं हललं नाही. पुलावर एकटा नेव्हिल कापला गेला. पाच-पाच हात दिलेले कोट एकेक करून मी टेबलावरून उचलले.

जेवणाच्या सुट्टीत दोघं चीज-कांद्याचे पाव आणि पुदिन्याचा आंबट सॉस घातलेले मऊ वाटाणे घेऊन शेजारी बसले.

"अरे, मी येऊ नको म्हणालो होतो!" डेस ओरडला.

"म्हणून तर आलो."

"मी खरं लिहिलं होतं!"

"का?" नेव्हिलने अगदी मनापासून विचारलं.

डेसने कपाळावर हात मारला. "अरे, आपण एका बाजूला आहोत!"

"तेच," नेव्हिल म्हणाला. "ते मला अजून जमत नाहीये. मी पण पुलाचं खरंच लिहिलं होतं."

"मग आधी तसं सांगायचं ना!"

"चिठ्ठीत सांगितलं होतं."

दोघंही वाटाण्याकडे बघत बसले. दोघांच्या चेहऱ्यावर सारखाच गोंधळ होता. मला आधी हसू आलं. नेव्हिलला जे एक वाक्य डेसला सांगायचं होतं, ते त्याने आता सांगितलं तरी काय होणार हे मला दिसत होतं.

तिसरा डाव डर्बी शहरातून आलेल्या दोन भावांशी. भाऊ म्हणजे नुसत्या भुवयांनी बोलणारे. सहा फेऱ्यांचा डाव. तिसऱ्या फेरीपर्यंतच आमच्या जोडीची धूळधाण झाली होती. चौथी फेरी झाली. पाचव्या फेरीत नेव्हिलने वही काढली. इतर चिठ्ठ्या तो झटकन दोन शब्दांत लिहायचा. ही मात्र लिहीतच राहिला. डर्बीवाला एक भाऊ घड्याळाकडे बघून भुवया उडवायला लागला. "जरा थांबा, लिहू दे त्याला," मी इतकी जोरात बोलले की शेजारच्या टेबलावरचे चारजण वळून बघायला लागले.

नेव्हिलने चिठ्ठी माझ्या हातात दिली. पंच म्हणून मला वाचावीच लागते. लिहिलं होतं:

"डेस, तू गेल्यावर गुरुवारचं मला काय करायचं ते कळत नाही. तू गेलेलं मला नको आहे. लॉरेनसाठी जायला हवं हे कळतं. पण मला नको आहे. नेव्ह."

मी चिठ्ठीची घडी घातली. मग नियमाप्रमाणे जवळ जाऊन मी कानात विचारलं, "खरं की आमिष?"

नेव्हिल टेबलावरच्या आपल्या उरल्यासुरल्या सैनिकांकडे बघत होता. "खरं," तो म्हणाला.

मी फासा टाकला. फासा गडगडत गेला आणि मला दिसला एक. म्हणजे चिठ्ठी डर्बीच्या भावांना. त्यांनी भुवया उंचावून ती वाचायची, आणि नेव्हिलने समोर उभं राहून बघायचं.

तेवढ्यात माझं कोपर लागलं आणि फासा टेबलाखाली गेला. टेबलावरून पडलेला फासा पुन्हा टाकायचा, असा नियम आहे. इतक्या वर्षांत मी एका इंचाची हयगय केलेली नाही, अर्ध्या इंचासाठी लोकांचे सामने घालवलेत. माझं कोपर कसं लागलं ते मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्यांदा चार पडले.

सहाव्या, शेवटच्या फेरीत मी चालत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि चिठ्ठी डेसला दिली.

डेसने ती वाचली आणि हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मान हलवली, जणू काही म्हणतोय, काय बनेल माणूस आहे. डावात तो इतका खाली गेला होता की त्याला वाटलं नेव्हिलने जाता जाता एक शेवटची फिरकी घेतली, शत्रूच्या हाती पडली तर डर्बीवाले रडतील म्हणून. पलीकडे नेव्हिलने ते हसू पाहिलं. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसताच हातात धरून उभा राहिला.

मला कळेना काय करावं. बोलता येत नव्हतं. डेस चिठ्ठी खिशात घालायला निघाला होता. मग त्याने ती परत उघडली. परत वाचली. हसू हळूहळू ओसरलं. त्या डावात त्याने अजून प्रश्न विचारला नव्हता.

"पंच," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खरं का?"

"खरं."

एकच शब्द, नियमाप्रमाणे. आवाज मात्र नियमाप्रमाणे निघाला नाही.

डेसने टेबलाच्या लांबीवरून नेव्हिलकडे पाहिलं. बोलायची मुभा नव्हती. दोघं तसेच उभे राहिले. डर्बीवाल्यांनी एकमेकांकडे बघून काय झालं म्हणून भुवया उडवल्या. मग डेसने घोडदळ उचललं आणि टेबल अख्खं ओलांडून नेव्हिलच्या सैन्याशेजारी नेऊन ठेवलं. हे चाळीस इंच होते. घोडदळाला चालतात बारा. मी टेप उचलून खिशात घातली. एका भावाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मिटलं.

आम्ही शेवटून पहिले आलो.

सामान गाडीत भरताना डेस म्हणाला, "आधी सांगायचंस ना."

"विचारलंस कुठे?"

"आता बंगली घेऊन झाली रे. लॉरेनने पडदेसुद्धा शिवायला टाकले."

"माहीत आहे. जा तू. जायलाच हवं."

डेस गोंधळून माझ्याकडे वळला. "आता हा म्हणतोय जा. यातलं खरं कुठलं धरू?"

"दोन्ही," मी म्हणाले. "चिठ्ठी एक फेरी उशिरा पोचते, एवढंच."

एप्रिलमध्ये ते गेले. नेव्हिल सामान चढवायला गेला होता. लॉरेनने त्याचा मुका घेतला आणि तो आठवडाभर त्याबद्दल अस्वस्थ होता.

त्यानंतर तो गुरुवारी येतच राहिला. हीटरजवळचं टेबल, पांढरे कोट. मी म्हणाले, कुणाशी तरी खेळ. तो म्हणाला, बघू. मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी, जेमतेम सहा वाजले असतील, स्वयंपाकघरातला फोन वाजला. डेस होता.

"ग्लेनिस, राणी, नेव्हचं पत्र आलंय. लिहितोय की एक नवीन भिडू मिळालाय, झकास खेळतो, गुरुवारची अजिबात काळजी करू नकोस, मजेत आहे." मागे समुद्री पक्षी ओरडत होते. "पंच, खरं का?"

मी चहाच्या खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं. नेव्हिल पांढऱ्या कोटांच्या मागे उभा होता. त्याने फासा टाकला, वहीत लिहिलं, दोन तुकड्या पुढे सरकवल्या. मग टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला गेला. तिथे निळ्या कागदाचे चौकोन मांडले होते, फ्रेंच म्हणून. तिथे उभं राहून त्याने समोरच्या रिकाम्या जागेला अगदी हळू आवाजात काहीतरी म्हटलं. त्याच्या ओठांवरून मला कळलं. उजवीकडे येऊ नकोस रे. मग परत वळसा घालून आपल्या बाजूला आला, उजवीकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला लागला.

"खोटं," मी म्हणाले.

मग गाडीची किल्ली कुठे आहे, असं डेसने लॉरेनला विचारलेलं ऐकू आलं, आणि लॉरेन म्हणाली, "कधीची तुझ्या खिशात घातलीय, निघ आता."

"ग्लेनिस," डेस म्हणाला, "हॉल किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

"नियमाने नऊपर्यंत," मी म्हणाले. "पण पंच मी आहे."